नजर पुढे, हात मागे: चित्र काढायला शिकताना टिकून राहण्यासाठी

माझ्याकडे चित्रांच्या तीन अर्धवट वह्या आहेत. प्रत्येकीची पहिली दहा-बारा पानं भरलेली, एखादं पान फाडलेलं आणि पुढे सगळं कोरं. तिन्हींची सुरुवात दणक्यात झालेली दिसते आणि तिन्ही साधारण तिसऱ्या आठवड्यात थांबल्या आहेत. बरीच वर्षं मी याला आळस म्हणायचे. चौथी वही भरली तेव्हा कळलं, त्यात आळसाचा वाटा फारच थोडा होता.

होतं असं, की शिकायला लागलं की नजर आणि हात दोन्ही तयार होऊ लागतात, पण एका वेगाने नाही. नजर पटकन शिकते. परवापर्यंत बरा वाटलेला चेहरा आज वाकडा दिसतो, कान खाली घसरल्याचं आज लक्षात येतं. तो कान जागेवर बसवायला हाताला मात्र अजून काही महिने लागणार असतात. या मधल्या काळात वाटतं, आपण बिघडत चाललोय. चित्र पहिल्याइतकंच असतं, कदाचित थोडं बरंच असतं. बघणारा बदललेला असतो. बहुतेक वह्या इथेच बंद होतात.

उत्साह टिकवायच्या युक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नव्याचे नऊ दिवस सरले की तो जाणारच. तो गेल्यावरही वही उघडली जाईल, अशी सोय करून ठेवणं आपल्या हातात असतं. खालच्या पायऱ्या त्या सोयीच्याच आहेत.

१. पहिलं पान: स्वतःचा हात

आज, जो कागद जवळ असेल त्यावर आपला मोकळा हात काढा. उजव्या हाताने काढत असाल तर डावा. टेबलावर सैल ठेवा, बोटं किंचित मुडपलेली. वीस मिनिटं लावा आणि थांबा. खोडरबर नको. रेघ चुकली तर तशीच राहू द्या, शेजारी दुसरी काढा. खाली तारीख घाला, वर्षासकट.

हातच का? एक तर हे मॉडेल कायम सोबत असतं. शिवाय हात अवघड असतो, आणि तेच हवंय. चेंडू पहिल्या आठवड्यात जमतो आणि वर्षभरानेही तसाच दिसतो, त्यात प्रगती दिसायला जागाच नाही. हातात अंगठा कुठून फुटतो, बोटांचे सांधे एका रेषेत न येता कमानीत कसे बसतात, नख बोटाच्या गोलाईबरोबर कसं वळतं, अशी पन्नास ठिकाणं आहेत जिथे पुढे फरक दिसेल.

चित्र वाईट येईल. ते कुणाला दाखवू नका आणि फाडू तर मुळीच नका. तीन महिन्यांनी त्याचं काम पडणार आहे.

२. साहित्य

थोडकंच ठेवा. पेन्सिलींचा मोठा संच घेतला की काहीतरी शिकल्यासारखं वाटतं, आणि तीच त्यातली गोम आहे. रेघेसाठी एचबी किंवा २बी आणि गडद भागासाठी ६बी, एवढ्यावर वर्ष निघतं. पेन्सिलीच्या कांडीत ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजलेली असते. ही पद्धत फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी १७९५ साली काढली. माती जास्त असेल तर कांडी कठीण आणि रेघ फिकी, म्हणजे एच. ग्राफाइट जास्त असेल तर मऊ आणि गडद, म्हणजे बी. हे सांगायचं कारण एवढंच, की एचबीने शेड मारून मारून चित्र राखाडीच राहिलं तर स्वतःला बोल लावू नका. त्या पेन्सिलीत तेवढा काळेपणाच नसतो.

८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) छपाईचा कागद सरावाला उत्तम. वहीच हवी असेल तर १०० ते १२० जीएसएमची साधी वही घ्या. महागडी, कापडी बांधणीची वही मात्र टाळा. तिच्या पानावर वाईट चित्र काढायला हात धजावत नाही आणि आपल्याला तर वाईट चित्रं ढिगाने काढायची आहेत. माझ्या तीन वह्यांतली जी सगळ्यात देखणी, तिचीच सगळ्यात कमी पानं भरलीत.

बॉलपेनही चालेल. पुसता येत नाही हा त्याचा गुण आहे. टॅब्लेटवर शिकत असाल तर एक पथ्य पाळा: केलेलं मागे घेण्याचं बटण आणि चित्र मोठं करून बघणं, दोन्ही सरावापुरते बंद. नाहीतर पंधरा मिनिटं एका पापणीत जातात.

३. पंधरा मिनिटं, कशाला तरी बांधून

‘रोज एक तास’ असा संकल्प सोडू नका. पाचव्या दिवशी तास मिळत नाही आणि मग पाच मिनिटंही दिली जात नाहीत. पंधरा मिनिटं ठरवा आणि ती घड्याळाला न बांधता रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला बांधा. दात घासून झाल्यावर, रोजच्या प्रवासात बसायला जागा मिळाल्यावर, झोपण्यापूर्वी दिवा मालवायच्या आधी. वही त्याच ठिकाणी, पेन्सिलीला टोक काढून, उघडी ठेवा. खणात बंद वही म्हणजे खण उघडण्याचा आळस, टोक काढण्याचा आळस आणि मग चित्राचा आळस.

२१ दिवसांत सवय लागते, असं आपण ऐकत आलोय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात भाग घेणाऱ्यांनी रोजची एखादी छोटी कृती ठरवून ती किती दिवसांत आपसूक होऊ लागते हे नोंदवलं. अंदाज निघाला माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, आणि मधला आकडा ६६. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात अजून जबरदस्तीने बसावं लागत असेल, तर तुमच्यात काही खोट नाही. याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला जास्त उपयोगी पडलं: मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. सलग दिवसांची साखळी मोजणाऱ्या ॲपवर म्हणूनच माझा राग आहे. साखळी तुटली की माणूस ॲपसकट चित्र सोडतो. त्यापेक्षा महिन्यात किती पानं भरली ते मोजा. तो आकडा कधी शून्यावर येत नाही.

अपेलीस या ग्रीक चित्रकाराबद्दल रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय, की कितीही काम असलं तरी रेघ ओढल्याशिवाय तो दिवस जाऊ देत नसे. रेघ, बरं का. अख्खं चित्र काढल्याशिवाय, असं म्हटलेलं नाही. दमलेल्या दिवशी समोरच्या दाराची मूठ दोन मिनिटांत काढायची, तारीख टाकायची आणि झोपायचं. ते पान पुरेसं आहे.

४. उद्याचा विषय आजच

‘काय काढू?’ या प्रश्नात पंधरातली दहा मिनिटं जातात. रेफरन्स, म्हणजे बघून काढायचा फोटो, शोधायला फोन हातात घेतला की उरलेली पाचही जातात. उठण्यापूर्वी पुढच्या पानाच्या कोपऱ्यात उद्याचा विषय लिहून ठेवा. किल्ल्यांचा जुडगा. खुर्चीचा एक पाय. कालचाच बूट, मागच्या बाजूने. विषय जितका क्षुल्लक तितका बरा. ‘समुद्रावरचा सूर्यास्त’ लिहिलंत तर उद्या बसणार नाही.

५. सराव नेमका कशाचा

इथे जरा थांबूया, कारण हिरमोड व्हायचं एक मोठं कारण इथे आहे. नुसती पानं भरून हात सुधारत नाही. त्याच चुका रोज गिरवल्या तर त्याच चुकांवर हात बसतो.

रेघेपासून सुरू करा. नवख्याची रेघ ओळखू येते ती तिच्या केसाळपणावरून: एका लांब रेषेऐवजी वीस तुकडे घाबरत घाबरत जोडलेले. याचं कारण बहुतेक वेळा मनगटात असतं. मनगट टेकवून फक्त बोटांनी काढलं तर हात दोन-तीन इंचांपलीकडे जात नाही, मग तुकडे पडणारच. कागदावर दोन टिंबं द्या, अंतर एक वीत. पेन्सिल कागदाला न टेकवता एका टिंबापासून दुसऱ्यापर्यंत चार-पाच वेळा हवेत फिरवा, हालचाल खांद्यातून येऊ द्या आणि मग एकदाच टेकवून ओढा. चुकली तर चुकली, तिच्यावरून पुन्हा गिरवू नका. बैठकीच्या सुरुवातीला अशा दहा-बारा रेघा पुरेत.

मग कप. साधा, कानाचा, टेबलावरचा. त्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, पण बसल्या जागेवरून ते लंबगोल दिसतं. हा लंबगोल काढताना दोन चुका जवळजवळ सगळेच करतात. एक, त्याच्या दोन्ही टोकांना बदामासारखी टोकं काढतात. ती तिथे नसतात, कड कितीही चपटी दिसली तरी टोकाशी वळतेच. दुसरी जास्त गमतीची. कपाचा तळ सपाट रेघेने काढला जातो, कारण कप सपाट टेबलावर उभा आहे हे डोक्यात पक्कं असतं. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या कपाचा तळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसतो, कारण तो नजरेपासून अधिक खाली असतो. पटत नसेल तर काचेचा पेला समोर ठेवून बघा.

या दुसऱ्या चुकीत पुढचं बरंच काही दडलंय. आपण समोरची वस्तू काढत नसतो, तिच्याबद्दल जे ठाऊक आहे ते काढत असतो. डोळा म्हटलं की मासोळीचा आकार आणि मधे गोळा, झाड म्हटलं की खोडावर ढग. लहानपणी पाठ झालेली ही चिन्हं हाताला इतकी सवयीची असतात की डोळे उघडे ठेवूनही हात तीच काढतो. चेहऱ्यात बघा: टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. नवखा माणूस ते हमखास वर काढतो, कारण कपाळात आणि डोक्याच्या वरच्या भागात त्याला बघण्यासारखं काही वाटत नाही. आरशासमोर पट्टी धरून मोजा. मी मोजलं तेव्हा पट्टीवरच संशय आला होता.

या पाठ झालेल्या चिन्हांना चकवायच्या दोन जुन्या युक्त्या आहेत. रेफरन्सचा फोटो उलटा, डोकं खाली करून ठेवा आणि तसाच उलटा काढा. उलटं नाक ‘नाक’ म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे हाताला नाइलाजाने नुसते कोन आणि वळणं बघावी लागतात. दुसरी युक्ती म्हणजे वस्तूऐवजी तिच्यामधल्या आणि भोवतालच्या फटी काढणं. खुर्ची काढू नका. तिच्या पायांमधल्या, पाठीच्या दांड्यांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढा. फटीचं कोणतंच चिन्ह आपल्याला पाठ नसतं. ते आकार बरोबर आले की मधे खुर्ची आपोआप उभी राहते. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा जादू झाल्यासारखं वाटतं, म्हणून उत्साह मावळलेल्या आठवड्यासाठी हा सराव मी मुद्दाम राखून ठेवते.

मोजायलाही शिका. पेन्सिल धरलेला हात पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा, आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत वस्तूची रुंदी धरून तेच माप उंचीत किती वेळा बसते ते बघा. कोपर वाकलं की माप बदलतं, चूक बहुतेक तिथेच होते. उभ्या माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साधारण सात ते साडेसात वेळा बसतं. आपल्या चित्रातल्या माणसात किती वेळा बसतंय ते एकदा मोजा. आणखी एक: कागद टेबलावर सपाट ठेवून, वरून वाकून काढलं की त्याची वरची कड लांब जाते आणि चित्र ताणलं जातं. कागदाच्या मागे एखादी फळी लावून तो तिरका करा. इतक्या साध्या गोष्टीने चेहरे सुधारलेले मी पाहिलेत.

छायांकनाबद्दल थोडक्यात. डोळे बारीक करून बघा म्हणजे तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग उरतात. सगळ्यात गडद जागा आधी ६बीने भरा, बाकीचं तिच्याशी तुलना करत ठरवा. बोटाने घासून शेड पसरवू नका. त्वचेचा तेलकटपणा कागदाला लागतो आणि डाग पडतात.

आठवड्यातून एखाद्या दिवशी घाईची रेखाटनं करा. चालती-बोलती माणसं, प्राणी, प्रत्येकाला तीस सेकंद ते दोन मिनिटं. तपशील नाही, फक्त शरीर कुठे झुकलंय, वजन कोणत्या पायावर आहे. समोरचा माणूस मधेच उठून जाईल, जाऊ द्या. या पानांचा मोठा फायदा असा की त्यांच्याकडून सुंदर दिसण्याची अपेक्षाच नसते, त्यामुळे आखडलेला हात मोकळा होतो.

६. निम्मा वेळ मनासारखा

वरचं सगळं रोज करत बसलात तर महिन्याभरात चित्र म्हणजे गृहपाठ होईल. सराव आणि मनातलं चित्र यांना वेळ निम्मा-निम्मा द्या. ड्रॅगन काढायचाय म्हणून शिकायला लागला असाल तर पहिल्या आठवड्यातच ड्रॅगन काढा. तो वाईट येईल, पण त्याचा पंख जमला नाही म्हणजे कशाचा सराव करायचा ते कळेल, आणि त्या सरावाला कारण मिळेल. ‘आधी पाया पक्का करतो, मग आवडीचं काढेन’ म्हणणारे पुष्कळ जण पायातच राहतात.

७. नक्कल करायला लाजू नका

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, वयाच्या २७व्या वर्षी. त्याआधी त्याने चित्रविक्रेत्याकडे, शाळेत, धर्मप्रचारात अशी बरीच धरसोड केली होती. सुरुवातीला त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराचे छापील नमुने समोर ठेवून पुन्हा पुन्हा नकला केल्या. दहा वर्षांनी, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, त्याने भावाला पत्र लिहून तेच धडे पुन्हा मागवले. पुन्हा बघून काढायचे होते. पुढे एदगार देगा या नावाने गाजलेल्या तरुणानेही १८५३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नकला करण्यासाठी नाव नोंदवलं होतं.

नक्कल आणि गिरवणं यांत फरक करा. वर पातळ कागद ठेवून गिरवलं तर हात फिरतो, पण नजर निर्णय घेत नाही. शेजारी ठेवून काढताना प्रत्येक कोन स्वतः ठरवावा लागतो. नक्कल पूर्ण झाली की मूळ चित्र झाकून ठेवा आणि आठवणीतून पुन्हा काढा. जिथे हात अडतो तो भाग तुम्ही पाहिला होता, पण समजला नव्हता. आणि ते चित्र कुठे दाखवलंत तर मूळ चित्रकाराचं नाव लिहा, हे सांगायला नकोच.

८. ‘सगळंच वाईट आहे’ असं वाटतं तेव्हा

ही वेळ येईल, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि मग दर काही महिन्यांनी. नजर एक पायरी वर गेल्याची ही खूण आहे. हे ठाऊक असूनही वाईट वाटायचं ते वाटतंच, मलाही वाटतं. जपानी चित्रकार होकुसाईने तर पंचाहत्तरीच्या सुमाराला लिहून ठेवलं, की सत्तरीच्या आधी आपण काढलेल्यात दखल घेण्याजोगं काही नव्हतं. म्हणजे हे अंतर कायमचं मिटेल याच्या भरवशावर राहू नका. त्याचा उपयोग करून घ्या.

‘वाईट आहे’ या शब्दाने काही करता येत नाही. ‘डावा डोळा उजव्याच्या वर गेलाय’ या वाक्याने करता येतं. चित्र काढलं त्याच दिवशी ही तपासणी करू नका. मन एक तर प्रेमात असतं नाहीतर रागात. दुसऱ्या दिवशी चित्र आरशात बघा, किंवा फोनने फोटो काढून आडवा उलटवा. डावं-उजवं उलटलं की सवयीने दिसेनासा झालेला तिरकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. मग भिंतीला टेकवून चार पावलं मागे जा. जवळून केस मोजत होतात, लांबून डोकं धडावर नीट बसलंय का ते दिसेल.

आता पानाच्या खाली दोनच ओळी लिहा: काय जमलं, आणि कोणती एक गोष्ट पुढच्या वेळी दुरुस्त करायची. एकच. तेच चित्र खाडाखोड करत सुधारत बसू नका, नव्या पानावर पुन्हा काढा आणि त्यात फक्त तेवढ्याकडे लक्ष द्या. बाकीच्या चुका राहू द्या, त्यांची पाळी येईल.

आणि हो, चित्र अर्ध्यात सोडू नका. बिघडलेलं चित्र शेवटपर्यंत नेणं हा स्वतंत्र सराव आहे. ज्याच्याकडे फक्त सुरुवाती असतात, त्याला चित्राचा शेवट कसा करायचा तेच माहीत नसतं.

९. दाखवणं आणि तुलना

पहिले तीन महिने कुणालाही न दाखवता काढलंत तरी काही बिघडत नाही. दाखवायचंच असेल तर प्रश्न घेऊन दाखवा. ‘कसं झालंय?’ विचारलं की ‘छान!’ एवढंच हाती लागतं, त्याने पोट भरत नाही. ‘हा हात खांद्यापासून नीट सुटलाय का?’ असं विचारलं तर ज्याला चित्रातलं काही कळत नाही तोही बरोबर उत्तर देतो, कारण खांदा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

ऑनलाइन दिसणाऱ्या चित्रांबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की व्हिडिओत तीस सेकंदांत भराभर पूर्ण होणारं चित्र प्रत्यक्षात काही तासांचं असतं आणि त्याआधीचे फसलेले कागद त्यात नसतात. तरी मन खट्टू होत असेल तर आधी आपली पंधरा मिनिटं, मग ते बघणं, असा क्रम लावा. उलट क्रमाने मला तरी कधी जमलेलं नाही.

१०. खंड पडला तर

पडेल. आजारपण येईल, परीक्षा येईल, नुसतं मन उडेल. अशा वेळी दोन गोष्टी हमखास वही बंद पाडतात. एक, राहिलेल्या दिवसांची भरपाई करायला जाणं: वीस दिवस चुकले म्हणून वीस चित्रं. ते कर्ज माफ करून टाका. दुसरी, परतल्यावर पहिलंच चित्र महत्त्वाकांक्षी काढणं. हात गंजलेला असतो, नजर मात्र तशीच धारदार राहिलेली असते, त्यामुळे पहिली दोन-तीन पानं नेहमीपेक्षा भयंकर दिसतात. ती रेघांनी, कपाने आणि घाईच्या रेखाटनांनी भरा. आठवड्याभरात हात पूर्वीच्या जागी येतो, नव्याने शिकावं लागत नाही.

मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर मात्र रेटू नका. पेन्सिल किती घट्ट धरली आहे ते बघा, पकड सैल करा आणि दुखणं थांबेपर्यंत सुट्टी घ्या.

११. तीन महिन्यांनी

पहिल्या पानावरच्या तारखेपासून तीन महिने झाले की तोच हात पुन्हा काढायचा. तशाच स्थितीत, वीसच मिनिटं, खोडरबराशिवाय. जुनं पान आधी उघडू नका, नाहीतर हात त्याच्याशी स्पर्धा करायला लागतो. नवं चित्र पूर्ण होऊन तारीख पडली की मगच दोन्ही शेजारी ठेवा.

चित्र ‘सुंदर’ झालंय का, हे शोधू नका. आधी अंगठा बघा: पहिल्या पानावर तो पाचव्या बोटासारखा कडेला चिकटवलेला असेल, आता तळव्यातून निघताना दिसेल. मग सांध्यांची ओळ बघा, सरळ होती ती वाकली का. रेघा किती तुकड्यांत आहेत ते मोजा. एखादी गोष्ट तिथल्या तिथेच असेल. माझी करंगळी तीन वेळा काढूनही लहानच येत होती. जे हललेलं नाही ते पुढच्या पानाच्या कोपऱ्यात उद्याचा विषय म्हणून लिहा आणि वही उघडीच ठेवा.